छत्री फिरवली, चित्र आलं, आठवड्यात पुन्हा 'सिग्नल नाही': परत परत येणाऱ्या बिघाडाचं मूळ कसं शोधायचं

डीटीएचच्या तक्रारींत सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार म्हणजे परत येणारी. टेक्निशियन येतो, गच्चीवर चढतो, छत्री थोडी इकडेतिकडे करतो, घरातून कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडतं, पैसे दिले जातात. मग पुढच्या पावसाला पडदा पुन्हा काळा. अशी तक्रार तिसऱ्यांदा आली की घरचे कंपनी बदलायच्या गोष्टी करू लागतात. पण जुनी वायर आणि जुने जोड तसेच ठेवून कंपनी बदलली तर बिघाडही नव्या कंपनीबरोबर घरात येतो.

चित्र परत आलं एवढ्यावर दुरुस्ती झाली असं धरू नका. ते कशामुळे गेलं होतं हे कळलं पाहिजे आणि ते कारण काढून टाकलं गेलं पाहिजे. खालचा क्रम त्यासाठीच आहे: आधी फुकटात आणि बसल्या जागी होणारी तपासणी, मग दहा-वीस रुपयांची, आणि शेवटी जी तुम्ही करूच नये ती.

लक्षणं नीट बघा, अर्धं उत्तर तिथेच असतं

"टीव्ही चालत नाही" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते पाहून ठेवा:

- पडद्यावर 'नो सिग्नल' तरंगतंय आणि रिमोटवर मेनू दाबला तरी बॉक्सचं काहीच उमटत नाही.
- बॉक्सचा मेनू नीट दिसतो, पण प्रत्येक चॅनेलवर सिग्नल नसल्याचा संदेश.
- काही चॅनेल स्वच्छ, काही बंद, आणि बंद असणारी दर वेळी तीच.
- चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग गोठतं.
- फक्त धो धो पावसात जातं आणि पाऊस ओसरला की आपोआप येतं.
- साध्या भुरभुरीलाही जातं, किंवा पाऊस थांबल्यावरही तीन-चार तास येत नाही.
- वारा सुटला की जातं.
- रोज दुपारी उन्हात जातं, संध्याकाळी येतं.
- बॉक्स मध्येच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

पाचवं लक्षण बिघाडच नाही. डीटीएच ज्या लहरींवर चालतं (त्यांना केयू बँड म्हणतात) त्यांची ताकद पावसाच्या जाड थेंबांत शोषली जाते. आभाळ फाटल्यासारखा पाऊस असेल तर उत्तम बसवलेली छत्रीही दहा-वीस मिनिटं गप्प होते. त्या वेळी गच्चीवर धावायचं नाही, तक्रारही नोंदवायची नाही. पण भुरभुरीला चित्र जात असेल तर गोष्ट वेगळी आहे. म्हणजे कोरड्या हवेतही तुमचा सिग्नल जेमतेम काठावर उभा आहे आणि चार थेंबही त्याला खाली ढकलायला पुरतात.

आणखी एक गोष्ट बिघाड नसून बिघाडासारखी दिसते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत महाराष्ट्रात सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान, सेवेनुसार ठरावीक वेळी, काही मिनिटं चित्र जातं. रोज त्याच सुमारास गेलं आणि आपलं आपण आलं, तर कशालाही हात लावू नका.

खुर्चीवरून न उठता

पहिली तपासणी रिमोटची. टीव्हीचा स्वतःचा 'नो सिग्नल' आणि बॉक्सचा 'सिग्नल नाही' हे दोन वेगळे संदेश आहेत. पहिल्याचा अर्थ टीव्हीपर्यंत बॉक्सचं चित्रच पोचत नाही: टीव्हीचा सोर्स बदलला गेलाय, एचडीएमआयची पिन सैल झालीय किंवा बॉक्सच बंद आहे. मुलांनी मोबाइल किंवा गेम जोडायला सोर्स बदलला आणि मग भेटीचे पैसे देऊन माणूस बोलावला, असं फार ठिकाणी होतं. टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून एकेक एचडीएमआय पाहा. एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा, शक्य असेल तर टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत लावून बघा.

दुसरी तपासणी रिचार्जची. पैसे संपल्याचा आणि सिग्नल नसल्याचा संदेश वेगळा असतो, पण घाईत दोन्ही सारखेच वाटतात. संदेश शेवटपर्यंत वाचा, त्यातला कोड लिहून घ्या. रिचार्ज करूनही चॅनेल उघडत नसतील तर बॉक्स चालू ठेवूनच कंपनीच्या ॲपमधून रिफ्रेश पाठवा. परवानगीचा संदेश उपग्रहावरूनच बॉक्सला मिळतो, त्यामुळे बॉक्स बंद असताना रिफ्रेश पाठवून उपयोग नाही.

डीडी फ्री डिशला रिचार्ज नाही, पण तिथे चॅनेलच्या जागा बदलतात, विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला. कालपर्यंत दिसणारं चॅनेल आज गायब झालं तर आधी ऑटो स्कॅन करा. शिवाय फ्री डिशवर एमपीईजी-2 आणि एमपीईजी-4 (चित्र दाबून पाठवायच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी) अशा दोन्ही प्रकारची चॅनेल आहेत. जुना साधा बॉक्स दुसऱ्या प्रकारची दाखवूच शकत नाही. शेजाऱ्याकडे दिसतं आणि आपल्याकडे नाही, यावरून लगेच छत्रीला दोष देऊ नका.

तिसरी: बॉक्सचा स्विच भिंतीवरून बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. रिमोटने बंद केलेला बॉक्स आतून जागाच असतो, त्याने काही साध्य होत नाही. आणि बॉक्सवर घातलेला विणकामाचा रुमाल किंवा प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. त्यावर दुसरा बॉक्स किंवा राउटर ठेवलेला असेल तर तोही हलवा. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडली नाही की उन्हाळ्यात दुपारी बॉक्स अडकतो आणि रात्री शहाण्यासारखा वागतो.

बॉक्स स्वतःहून बंद-चालू होत असेल तर संशय ॲडॅप्टरवर. तो जुना झाला की बॉक्सपुरती वीज देतो, पण छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरची, सिग्नल पकडून खाली पाठवणारी डबी) वीज पुरवायची वेळ आली की कोसळतो. ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. घरात दुसरा तसाच ॲडॅप्टर असेल तर अदलाबदल करून बघणं फुकट आहे.

सिग्नलचे दोन आकडे

इथे जरा थांबा, कारण सगळा माग यावर अवलंबून आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये कुठेतरी सिग्नल तपासायचं पान असतं. नाव आणि जागा कंपनीप्रमाणे बदलते. त्यावर दोन पट्ट्या दिसतात: एक ताकद, म्हणजे स्ट्रेंग्थ, आणि दुसरी गुणवत्ता, म्हणजे क्वालिटी. बहुतेक जण ताकदीची पट्टी भरलेली पाहून "सिग्नल तर फुल आहे" म्हणतात. ती पट्टी फार काही सांगत नाही. एलएनबीला वीज मिळाली की ती रिकाम्या आभाळाचा गोंगाटही मोठा करून खाली पाठवते, आणि ताकद भरलेली दिसते. आपल्या उपग्रहाचा संदेश नीट वाचता येतोय का, हे गुणवत्तेची पट्टी सांगते.

दोन्ही शून्य किंवा शून्याजवळ असतील तर वायर तुटलीय, जोड सुटलाय, एलएनबी मेलीय किंवा बॉक्स तिला वीज देत नाही. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल तर एलएनबी जिवंत आहे, वायरही ठीक आहे, पण छत्री उपग्रहाकडे बघत नाही किंवा मध्ये काहीतरी आडवं आलंय. दोन्ही आहेत पण गुणवत्ता खालीवर नाचतेय, तर सैल जोड, ओलावा किंवा वाऱ्याने हलणारा खांब.

काही चॅनेल गेली असतील तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही चॅनेलवर हे पान बघा. बॉक्स एलएनबीला त्याच वायरमधून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो: 13 म्हणजे उभं ध्रुवीकरण, 18 म्हणजे आडवं (लहर उभी थरथरते की आडवी, ते; चॅनेल या दोन गटांत वाटलेली असतात). दोन्ही वापरणाऱ्या सेवांत एलएनबीचा एक भाग निकामी झाला, किंवा गंजक्या जोडात व्होल्ट गळाले आणि 18 चे 18 राहिले नाहीत, तर चॅनेलचा एक अख्खा गट जातो आणि दुसरा ठणठणीत असतो. अशा वेळी छत्री फिरवणं हा निव्वळ चुकीचा इलाज आहे. अर्धी चॅनेल स्वच्छ दिसतायत याचाच अर्थ छत्रीची दिशा बरोबर आहे.

चांगल्या हवेत सगळं नीट चालू असताना दोन्ही आकडे कागदावर लिहून तारखेसह बॉक्सच्या खाली चिकटवून ठेवा. एका कंपनीच्या बॉक्सचे 70 टक्के आणि दुसऱ्याचे 70 टक्के सारखे नसतात, त्यामुळे शेजारच्या आकड्याशी तुलना नको. तुलना करायची ती स्वतःच्याच जुन्या आकड्याशी. तो कागद नसेल तर पुढच्या वेळी येणारा माणूस अंदाजानेच काम करणार.

बॉक्सच्या मागचा जोड

आता बॉक्स आधी भिंतीवरून बंद करा. वायरमध्ये वीज असते, आणि चालू असताना पिन काढता-लावताना मधली तार कडेला टेकली तर बॉक्सचा वीज पुरवणारा भाग जायची शक्यता असते. मग मागचा स्क्रूचा जोड काढा आणि उजेडात बघा.

मधली तांब्याच्या रंगाची तार जोडाच्या कडेबाहेर 2 ते 3 मिमी आलेली हवी. कमी असेल तर आतल्या पिनेला ती धड टेकत नाही, म्हणून वायर हलवली की चित्र येतं-जातं. तार काळी किंवा हिरवी पडली असेल तर ओल आतपर्यंत आलीय. सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरच्या जाळीचा केसाएवढा धागाही मधल्या तारेला शिवलेला नको. तो शिवला की शॉर्ट होतं आणि बॉक्स एलएनबीची वीज तोडतो. दिसायला तो धागा क्षुल्लक असतो, पण त्याच्यापायी चांगल्या एलएनबी बदलल्या जातात.

नवा जोड लावणं अवघड नाही. जुनं टोक दोन इंच कापून टाका. बाहेरचं आवरण साधारण 12 मिमी सोला, जाळी मागे दुमडा, आतला पांढरा फोम 6 मिमी काढा आणि तारेवर ब्लेडचा चरा पडू देऊ नका. हाताने पिळून बसवायचे जोड घरात चालतात. बाहेर, पावसात, ते टिकत नाहीत. तिथे हत्याराने दाबून बसवायचा कॉम्प्रेशन जोडच हवा. किंमत दहा-वीस रुपयांची असते, हत्यार मात्र टेक्निशियनकडे असतं.

वायरवरून एकदा नजर फिरवा. खिडकीच्या सरकत्या काचेत चेपलेली, कपाटामागे काटकोनात मुडपलेली, उंदराने कुरतडलेली. मध्ये कुठे टेप गुंडाळलेला जोड असेल तर जवळपास खात्रीने दोष तिथेच. दोन तारा पिळून त्यावर टेप मारलेला जोड विजेच्या कामात चालत असेल, इथे नाही.

दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी कुणी केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावून दिला असेल तर तो काढा. दोन बॉक्स वेगवेगळे व्होल्ट मागतात आणि एकमेकांची चॅनेल घालवतात. दोन बॉक्सना दोन वायरी जोडता येणारी एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात.

छत्रीकडे बघायचं, छत्री हलवायची नाही

गच्ची सपाट असेल, कठडा असेल, कोरडं असेल आणि छत्रीपर्यंत उभ्याने पोचता येत असेल तरच पुढचं वाचा. पत्र्याचं किंवा सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर, खिडकीच्या ग्रिलबाहेर टांगलेली छत्री, शिडी लागणारी जागा, जवळून जाणारी विजेची तार, किंवा वळवाचं आभाळ, यातलं एक जरी असलं तरी इथेच थांबा आणि माणूस बोलवा. मालिका चुकली तर चुकली. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने कसलीही सूचना न देता फुटतो.

पोचल्यावर आधी आजूबाजूला बघा. कपडे वाळत घालायची दोरी छत्रीच्या खांबाला बांधलीय का? ओल्या चादरींचं वजन खांब वाकवतं आणि हे दर आठवड्याला होतं, म्हणूनच तक्रारही दर आठवड्याला येते. पतंगाचा मांजा एलएनबीच्या दांड्याला अडकलाय का? पाण्याच्या टाकीचं काम करणाऱ्यांनी छत्री 'जरा बाजूला' केलीय का? शेजारी नवा मजला, जाहिरातीचा फलक, वाढलेला आंबा, सोलरचे पॅनेल?

आडवं काय येतं ते ओळखायला दिशा माहीत हवी. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहे, डी2एचचा 88 वर, फ्री डिशचा 93.5 वर, डिश टीव्हीचा 95 वर, एअरटेलचा 108.2 वर. पुण्या-मुंबईहून पाहिलं तर टाटा प्लेची छत्री दक्षिण-आग्नेयेकडे असते आणि तिची किरणं क्षितिजापासून साधारण 66 अंशांवरून येतात, म्हणजे बरीच डोक्यावरून. फ्री डिशची आग्नेयेकडून, सुमारे 59 अंशांवरून. एअरटेलची त्याहून पूर्वेकडे आणि जेमतेम 45 अंशांवर. नागपुरात टाटा प्लेची छत्री जवळजवळ दक्षिणेलाच तोंड करते.

याचा हिशोब असा: छत्रीपेक्षा 10 फूट उंच असलेलं झाड किंवा भिंत एअरटेलच्या दिशेत 10 फुटांच्या आत असेल तर आड येईल. टाटा प्लेला तेवढ्याच उंचीची भिंत साडेचार-पाच फुटांवर असली तरी चालते. डीटीएचच्या छत्रीची एलएनबी मध्यभागी नसून खाली असते, त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा किरणं बऱ्याच वरून येतात. समोर खाली दिसणाऱ्या इमारतीला उगाच बोल लावू नका, वर बघा. उन्हाळ्यात ठीक आणि पावसाळ्यात पालवी आली की बंद, असं दर वर्षी होत असेल तर उत्तर झाडात आहे.

एलएनबीचं तोंड झाकणारं प्लॅस्टिकचं टोपण बघा. उन्हाने ते तडकतं, कावळे टोचतात, आत पाणी जातं किंवा कुंभारमाशी मातीचं घर करते. पाऊस थांबल्यावरही चार तास चित्र येत नाही, ऊन पडलं की येतं, हे लक्षण असलं तर दोन जागा आहेत: हे टोपण आणि एलएनबीखालचा जोड. टोपण फुटलं असेल तर टेप लावून वेळ मारून नेऊ नये. दोन-तीनशे रुपयांत नवी एलएनबी येते. दुपारी उन्हात बंद, रात्री सुरू, हेही पुष्कळदा एलएनबी म्हातारी झाल्याचंच लक्षण असतं.

आता तो जोड. पावसाळी तक्रारींत सर्वाधिक गुन्हेगार हाच. बॉक्स खाली बंद करून मगच उघडा. आत पाण्याचा थेंब, हिरवी बुरशी किंवा काळी पडलेली तार दिसली तर सापडलं. पाणी जोडात शिरून थांबत नाही, जाळीतून वायरच्या आत पसरत जातं, म्हणून नुसतं पुसून लावलं की आठवड्यात तीच रड. वायर मागे कापत जा, जाळी चकचकीत दिसेपर्यंत. दोन-तीन फूट कापूनही काळी असेल तर वायर बदला. बाहेरची वायर काळ्या आवरणाची आरजी-6 (डीटीएचच्या वायरीचा प्रकार, तिच्यावर छापलेला असतो) हवी. घरात वापरायची पांढरी वायर उन्हात तडे जाऊन पाणी आत घेते.

जोडावर ताणून लावायची, स्वतःलाच चिकटणारी रबर टेप दोन पदर लावा. साध्या काळ्या टेपचा डिंक एका उन्हाळ्यात वितळतो आणि मग तीच टेप पाणी धरून ठेवते. ज्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. वायर जोडाखाली थोडी झोळ देऊन बांधा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. भिंतीतून आत शिरण्याआधीही असाच झोळ हवा, नाहीतर पाणी वायरवरून चालत थेट बॉक्सपर्यंत येतं. हे काम झाल्यावर टीव्ही चालू ठेवून जोडावर तांब्याभर पाणी ओता आणि खाली कुणाला तरी गुणवत्तेचा आकडा बघायला सांगा. तो हलता कामा नये.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर आणखी एक गोष्ट कळते. छत्रीकडचं टोक मोकळं ठेवून, बॉक्स चालू करून, मधली तार आणि बाहेरचं कडं यांत डीसी व्होल्ट मोजा. 13 किंवा 18 च्या आसपास यायला हवेत. शून्य आले तर बॉक्स किंवा वायर. मग बॉक्सच्या मागेच मोजलं की दोघांतला कोण ते ठरतं. मोजताना मीटरच्या टोकाने शॉर्ट होऊ देऊ नका.

इथे थांबा

छत्रीचे नट सैल करू नका. हे इतकं ठासून सांगायचं कारण आकड्यात आहे. 60 सेंमीच्या छत्रीची कड 1 सेंमी हलली की दिशा जवळपास 2 अंशांनी बदलते, आणि दीड अंश चुकलं तर मिळणारी ताकद निम्म्यावर येते. कोरड्या हवेत तरीही चित्र दिसतं, म्हणून वाटतं जमलं. पहिल्या भुरभुरीला जातं. हाताने हलवत "आलं" म्हटल्यावर थांबणं म्हणजे काठावर थांबणं. नीट बसवायची तर सिग्नल मोजायचं मीटर लावून सर्वांत वरचा आकडा शोधायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना तो किती उतरतो ते बघायचं, बरोबर मध्ये आणून नट आवळायचे, आणि आवळताना आकडा उतरला नाही ना हे पुन्हा बघायचं.

खांब ओळंब्यात नसेल, कोकणच्या खाऱ्या हवेने छत्री धरणारी पट्टी गंजून पोखरली असेल, छत्रीला पोचा पडला असेल, वीज पडल्यानंतर बॉक्स मेला असेल, किंवा वरचं सगळं करून गुणवत्ता जुन्या आकड्यावर येत नसेल, तर तिथून पुढे व्यावसायिकाचं काम. बॉक्स उघडू नका. तो बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचा किंवा वॉरंटीतला असतो.

बोलावलेल्या माणसाचं काम कसं पारखायचं

चांगला टेक्निशियन फोनवरच ओळखू येतो. निघण्याआधी तो विचारतो: संदेश काय येतो, सगळी चॅनेल की काही, पावसाचा संबंध आहे का, छत्री कुठे बसवलीय, याआधी कुणी काय बदललं. या उत्तरांवरून तो पिशवीत काय घ्यायचं ते ठरवतो. नुसतं "येतो" म्हणून रिकाम्या हाताने येणारा नंतर "सामान आणावं लागेल" म्हणतो आणि दोन दिवस जातात.

आल्यावर तो आधी बॉक्ससमोर बसून दोन्ही आकडे बघतो आणि तुम्हाला दाखवतो. थेट गच्चीवर जाऊन पाना काढणारा माणूस कारण न शोधताच इलाज करतोय. वायर की एलएनबी हे ठरत नसेल तर जाणता माणूस नवी एलएनबी विकण्याआधी बॉक्सपासून छत्रीपर्यंत तात्पुरती नवी वायर टाकून बघतो. नव्या वायरीवर चित्र आलं तर एलएनबी निर्दोष. ही दहा मिनिटांची तपासणी तुम्ही होऊन मागा, त्यात संकोच नको.

खर्च काम सुरू होण्याआधी सांगितला पाहिजे: भेटीचा किती, सामानाचा किती. ट्रायने (दूरसंचार आणि टीव्ही सेवांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2024 मध्ये भेट, बसवणी यांचे दर ठरवणं कंपन्यांवर सोडलं, पण ते दर जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणून ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आधी बघून ठेवा. काढलेला जुना भाग तुमच्या हातात द्यायला सांगा. भोक पाडायचं तर आधी विचारावं, सोललेल्या वायरीचे तुकडे उचलावेत, शेजाऱ्याच्या गच्चीतून जायचं तर त्यांची परवानगी घ्यावी. जो माणूस जमिनीवरचे तुकडे उचलतो त्याने वरचा जोडही नीट झाकला असण्याची शक्यता जास्त.

काम संपल्यावर चार-पाच चॅनेल लावून बघा, आधी बंद होणारी आणि एचडी दोन्ही. नवे आकडे कागदावर लिहून घ्या, पावतीवर काय बदललं ते लिहून घ्या. तक्रार बंद करायला काही कंपन्या मोबाइलवर कोड पाठवतात. तो कोड चित्र तपासल्यावरच द्या, माणूस जिन्यात उभा राहून मागत असला तरी.

इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका. फसवणुकीचे नंबर तिथेच पेरलेले असतात. नंबर बॉक्सच्या मेनूतून किंवा अधिकृत ॲपमधूनच घ्या. सिग्नल दुरुस्त करायला कुणालाही तुमच्या बँकेचा ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारं ॲप लागत नाही. मागितलं की फोन ठेवा.

तक्रार कंपनीकडे नोंदवलेल्या मोबाइल नंबरवरूनच करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोच बिघाड परत आला तर नवी तक्रार म्हणून बोलू नका. जुना क्रमांक सांगा आणि "याच कारणासाठी अमुक तारखेला भेट झाली, तेव्हा गुणवत्ता इतकी होती, आज इतकी आहे" असं सांगा. आकडा आणि तारीख दिली की तिकडून "बॉक्स बंद करून चालू करा" हे पहिलं पान वाचून दाखवलं जात नाही. दुसऱ्या भेटीचे पैसे का द्यायचे, हेही तेव्हाच विचारा. ऐकलं नाही तर कंपनीच्या राज्यातल्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर, दोन्ही तक्रार क्रमांक आणि पावत्यांचे फोटो हाताशी ठेवून.